सिंहाला नको, पातेल्याला घाबरा

वाचकाचं पत्र :

"ताई, मी ५९ वर्षांची आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेतून गेल्या वर्षी निवृत्त झाले. लेकीनं मला एक सहल दाखवलीय. केपटाऊनहून निघायचं, नामिबिया आणि बोत्स्वाना ओलांडून झिम्बाब्वेतल्या व्हिक्टोरिया धबधब्यापर्यंत जायचं. वीस दिवस, मोठ्या ट्रकमधून. राहायचं तंबूत, स्वयंपाक आणि आवराआवर सगळ्यांनी मिळून. ती म्हणते, 'आई, तू जा, पैसे मी भरते.' मला जायचंय. पण सोबत सगळे पंचविशी-तिशीतले परदेशी असणार. मी शाकाहारी. इंग्रजी वाचते, पण बोलताना अडखळते. आणि रात्री मला एकदा तरी उठावं लागतं, तेव्हा तंबूबाहेर सिंह उभा असला तर? ह्यांचं म्हणणं, 'या वयात जमिनीवर झोपायला पैसे देतं का कुणी?' नको म्हणत नाहीत, जा असंही म्हणत नाहीत. हे माझं वेड आहे का? नाव छापू नका, आमच्या कॉलनीत तुमचं सदर सगळे वाचतात."

नमस्कार,

आधी तुमच्या यजमानांच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तो सगळ्यात सोपा आहे. हो, देतात. मी सत्तावन्नाव्या वर्षी दिले, तेही स्वतःच्या भविष्य निर्वाह निधीतून. याच वाटेनं गेले होते. परत आल्यावर पंधरा दिवस कंबर धरली होती, आणि उद्या कुणी विचारलं तर पुन्हा देईन. वेडाचा मुद्दा इथेच मिटला.

तुमच्या बाकीच्या भीती खऱ्या आहेत, पण बहुतेक चुकीच्या जागी आहेत. जिला खरोखर घाबरायला हवं ती गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलेलीच नाही. तिच्याकडे येते. पण आधी सिंह, नाहीतर तुमचं पुढच्या वाचण्यात लक्ष लागायचं नाही.

या वाटेवरचे बहुतेक मुक्काम रीतसर तळांवर असतात. नामिबियातल्या एटोशा अभयारण्यातल्या तळांना कुंपण आहे. सिंह बाहेर फिरतो, तुम्ही आत. बोत्स्वानातल्या ओकावांगो नदीच्या पाणथळ भागात मात्र उघड्या रानात तंबू ठोकतात. तिथले नियम पहिल्याच संध्याकाळी सांगितले जातात : तंबूची चेन कायम बंद, तंबूत खायचं काही ठेवायचं नाही, अगदी लिमलेटची गोळीसुद्धा नाही, अंधारात एकट्यानं फिरायचं नाही, पाण्याच्या कडेला तर मुळीच नाही, कारण तिथे पाणघोडा असतो आणि तो दिसतो तितका गरीब नसतो. बंद तंबू म्हणजे जनावराच्या लेखी एक मोठा दगड. त्याच्या वाटेला ते जात नाही. नियम पाळा आणि झोपा.

खरा त्रास छोट्यांचा. एटोशातल्या तळावर कोल्हे येतात आणि तंबूबाहेर ठेवलेल्या चपला पळवतात. हलाली नावाच्या तळावर हनी बॅजर नावाचा एक बुटका, दांडगा प्राणी रात्री कचऱ्याचे डबे उलटेपालटे करतो; त्या आवाजानं आमच्यातला सहा फुटी जर्मन मुलगा किंचाळला होता. व्हिक्टोरिया धबधब्यापाशी बबून माकडं हातातली पिशवी हिसकावतात. वणीच्या गडावर ज्यांनी प्रसादाची पिशवी पदराखाली धरून पायऱ्या चढल्यात, त्यांना मी याबद्दल काय शिकवू?

रात्री उठण्याचं. नामिबियातल्या तळांवर पक्की, स्वच्छ न्हाणीघरं असतात आणि गरम पाणीही मिळतं. कित्येक ठिकाणी ते पाणी लाकडं घालून तापवायच्या उभ्या टाकीतून येतं. तिला तिकडे 'डाँकी' म्हणतात. मी पाहिलं आणि हसायलाच लागले. आपला बंब हो! माझ्या आजोळच्या परसातला, फक्त आकारानं चौपट. काही ठिकाणी मात्र साधा खड्डा असतो. श्पित्सकोप्पेच्या लालसर दगडी डोंगरांखाली तसाच प्रकार आहे, आणि ओकावांगोच्या रानात तर फावड्यानं खणलेला खड्डा, शेजारी माती आणि फांदीवर अडकवलेला कागदाचा रोल. दिवसा ट्रकच्या प्रवासात झुडपाचा आडोसा. आपल्याला उकिडवं बसायची सवय आहे. सोबतच्या मुलींचे पहिले तीन दिवस या एका गोष्टीनं वाईट गेले, माझा एक मिनिटही नाही. डोक्याला बांधायची बॅटरी न्या म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतात. एक हलका प्लास्टिकचा तांब्याही न्या, कारण तिकडे सगळा कारभार कागदावर चालतो. बूट घालण्याआधी उलटे करून झटका, विंचवासाठी. रात्री एकटीनं जायची भीती वाटली तर संध्याकाळी सातनंतर चहा बंद करा. मी तेच केलं.

आता खरी भीती.

ही सहल म्हणजे हॉटेलातली सहल नव्हे, तर एकत्र कुटुंब आहे. वीस-बावीस माणसं, एक चूल, पाळ्या लावलेला कागद. कुणी भाज्या चिरायच्या, कुणी भांडी घासायची, कुणी ट्रक झाडायचा, कुणी खुर्च्या काढायच्या आणि परत भरायच्या. भांड्यांसाठी तीन टब मांडतात : साबणाचा, साध्या पाण्याचा आणि जंतुनाशकाचा. पुसायला फडकं नसतं. ताट हातात धरून हवेत फडफडवत राहायचं, वाळेपर्यंत. पहिल्या रात्री मला ते भजनी मंडळासारखं दिसलं, टाळांऐवजी ताटं. तंबू दोघांनी मिळून उभा करायचा, पहाटे पाचला दोघांनी मिळून पाडायचा. हे चोवीस वर्षांच्या पोरांना नवीन असतं. त्यांना कुणाच्या घोरण्याशेजारी झोपायचं, पाण्याची बादली जपून वापरायची, आपली पाळी नसताना दुसऱ्याच्या पाळीकडे बघत गप्प बसायचं हे पहिल्यांदा शिकावं लागतं. तुम्ही तर एसटीच्या लाल डब्यातून चाळीस मुलं सहलीला नेऊन सगळी मोजून परत आणणाऱ्या बाई आहात. तुम्हाला जड जाणार नाही, आणि घात तिथेच आहे.

माझं काय झालं ते सांगते. नामिबियातल्या स्वाकोपमुंड गावी मोठ्या दुकानात मला मसूर डाळ आणि तांदूळ मिळाले. दुसऱ्या दिवशी श्पित्सकोप्पेला मी कोपऱ्यातल्या शेगडीवर स्वतःपुरती खिचडी टाकली. वासानं दोघं आले, मग सहा. कुणीतरी म्हणालं, उद्याही कर ना. मी हुरळले. दुसऱ्या दिवशी माझी पाळी नव्हती तरी मी कांदे चिरायला बसले. एक मुलगी भांडी घासताना नुसतं पाणी फिरवत होती, ते बघवेना, म्हणून तिच्या हातातून पातेलं घेतलं. ती 'थँक यू' म्हणाली आणि निघून गेली. वाटाड्या दोनदा म्हणाला, "आज तुमची पाळी नाही." मी म्हणाले, "राहू दे, मला सवय आहे."

एटोशातल्या ओकाउकुएयो तळाला लागून एक पाणवठा आहे. रात्री त्यावर मंद दिवे असतात. दगडी कठड्यामागे बाकं आहेत, माणसं तिथे मुकाट बसतात आणि समोर अंधारातून जनावरं पाण्यावर येतात. पहिल्या रात्री काळा गेंडा आला, सोबत पिल्लू. बराच वेळ थांबले, पाणी प्यायले, गेले. सगळ्यांनी पाहिलं. मी तेव्हा खिचडीचं करपलेलं बूड घासत होते. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी गृहीतही धरलं नव्हतं. माझं मीच.

दुसऱ्या रात्री जेवण झाल्या झाल्या ताट ठेवलं आणि थेट बाकावर जाऊन बसले. हत्ती आले, जिराफ आला. पाणी पिताना पुढचे पाय फाकवून तो असा काही वाकतो की आपल्यालाच भीती वाटते, आता पडतो की काय. गेंडा आला नाही.

म्हणून ५९ वर्षांच्या, घर आणि वर्ग दोन्ही सांभाळलेल्या बाईला माझा पहिला सल्ला हा : पाळी आली की चोख काम करा, पाळी नसेल तेव्हा हात पाठीमागे. कुणाचं ताट नीट घासलं गेलं नाही तर जाऊ दे, तिसऱ्या टबात जंतुनाशक असतं. कुणी मुलगा दुपारी टोपी न घालता उन्हात फिरला तर त्याला ओरडू नका. गटाची मावशी होणं फार सोपं असतं आणि त्यातून सुटायला तिकीट संपेपर्यंत थांबावं लागतं.

जेवणाचं आता ओघानं आलंच. बुकिंगच्या वेळी 'व्हेजिटेरियन' एवढंच लिहून भागत नाही. मी तेवढंच लिहिलं होतं. चार दिवस उकडलेला बटाटा आणि काकडी खाल्ली, आणि पाचव्या दिवशी माझ्यासाठी प्रेमानं मासा भाजला. तेव्हा मासा नाही, कोंबडी नाही, मांसाचा रस्सा वरून चालणार नाही, अंडं चालतं की नाही, हे सगळं सुटं सुटं लिहा. तिकडे 'ब्राय' म्हणजे निखाऱ्यावर मांस भाजणं हा सणच असतो. तुमच्या कणसाला आणि ढोबळी मिरचीला वेगळी जाळी द्या असं न लाजता सांगा, देतात. मक्याच्या पिठाची घट्ट उकड मिळते, दक्षिण आफ्रिकेत तिला 'पाप' म्हणतात आणि झिम्बाब्वेत 'साद्झा'. पाप खाल्लं असं घरी फोनवर सांगितलं की जो गोंधळ होतो तो मी अनुभवलाय. त्यासोबत 'चकालाका' मागा : कांदा, गाजर, ढोबळी मिरची, बहुधा राजम्यासारखे दाणे आणि तिखट. आपल्या जिभेला त्या सगळ्या प्रदेशात तेच जवळचं. दुपारी रस्त्याकडेला टेबल मांडून पाव, चीज, टोमॅटो, कोशिंबिरीसारखं काहीतरी. पोट भरतं, मन नाही. म्हणून लसणाची कोरडी चटणी आणि मेतकूट न्या, पण दुकानातलं सीलबंद, वर घटकपदार्थ छापलेलं, आणि विमानतळावर विचारलं तर सरळ सांगा. तूप, पेढे, घरचं लोणचं राहू दे.

शाकाहाराचा एक फायदाही सांगते. बोत्स्वाना आणि नामिबियात जनावरांच्या लाळ्या-खुरकुतासाठी मोठमोठी कुंपणं घातलीत आणि त्यांच्या फाटकांवर तपासणी असते. कच्चं मांस एका बाजूनं दुसऱ्या बाजूला नेऊ देत नाहीत. आम्हाला खाली उतरवून औषधात भिजवलेल्या गोणपाटावर बूट घासायला लावले आणि शीतपेटीतलं मांस काढून घेतलं. त्या संध्याकाळी बावीस जणांनी माझी मसूर खाल्ली. (हे वरच्या सल्ल्याच्या विरुद्ध जातंय, कळतंय मला. पण त्या दिवशी पातेलं मी घासलं नाही.)

वय आणि इंग्रजी. काही कंपन्या फक्त तरुणांसाठी वेगळ्या सहली काढतात, काही वरच्या वयाची मर्यादा घालतात किंवा डॉक्टरचा दाखला मागतात. लेकीला हे पैसे भरण्याआधी विचारायला सांगा. सोबतची बरीचशी माणसं जर्मन, डच, स्विस, कोरियन अशी असतात. त्यांचंही इंग्रजी शाळेतलंच. 'हळू बोला' एवढं वाक्य पहिल्या दिवशी बोललात की पुढचं सोपं. आमचा वाटाड्या दामारा समाजातला होता. त्यांच्या भाषेत जीभ टाळ्याला किंवा दातांना लावून सोडलेले आवाज अक्षरं म्हणून येतात. वाईट बातमी ऐकली की आपण चुकचुकतो ना, तो आवाज त्यातला एक. बाकी सगळे जिभा आपटून दमले. मला तो पहिल्या फटक्यात जमला आणि त्यानंतर माझ्या इंग्रजीची कुणी काळजी केली नाही. तुम्ही तर पहिलीच्या मुलांना मुळाक्षरं शिकवलीत.

तंबूत मात्र एकटीची सोय बघा. एकट्यानं जाणाऱ्याला दुसऱ्या एकट्या बाईसोबत तंबू देतात. स्वतंत्र हवा तर जास्तीचे पैसे पडतात. लेक पैसे देतेय म्हणून तुम्ही इथे काटकसर करायला जाल. करू नका. मी केली. चौथ्या दिवशी कळलं की माझ्या शेजारची सव्वीस वर्षांची मुलगी पहिल्या रात्रीपासून कानात बोळे घालून झोपतेय, आणि मला वाईट वाटू नये म्हणून बोललेली नाही.

शरीराची तयारी तुम्हाला वाटते त्याहून वेगळी हवी. चालणं फार नसतं. नामिबियाच्या वाळवंटातल्या सोसुस्व्लेईच्या वाळूच्या टेकड्या चढणं हाच काय तो दमवणारा भाग, आणि तोही ऐच्छिक. पहाटे अंधारात निघून सूर्य उगवताना वर पोचायचं असतं. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. निम्म्यावर बसून राहिलात तरी उजेड तोच दिसतो. तिथून जवळच डेडव्लेईचं पांढरं, भेगाळलेलं तळं आहे. त्यात काही शतकांपूर्वी वाळून गेलेली बाभळीच्या जातीची झाडं अजून उभी आहेत, कारण हवा इतकी कोरडी की लाकूड कुजतच नाही. तिथे जाच.

दमवतं ते बसणं. पूर्ण वाट पाच हजार किलोमीटरांहून जास्त आहे आणि नामिबियातला मोठा भाग खडीचा रस्ता. ट्रक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ऊस येतो. तसा नसतो, आत खुर्च्या, मोठ्या खिडक्या, प्रत्येकाला एक छोटं कपाट असतं. पण गाडी हलते ती ट्रकसारखीच. बाहेर तासन्‌तास माणूस दिसत नाही. तुमच्या एकट्या नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ६१ लाख होती. नामिबिया क्षेत्रफळानं महाराष्ट्राच्या अडीचपटीहून मोठा आणि तिथे सगळी मिळून माणसं ३० लाखांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी मला ते रिकामेपण अंगावर आलं. आठव्या दिवशी गाव लागलं की चिडचिड व्हायला लागली.

कसोटी घरीच घ्या. ट्रकच्या पायऱ्या उंच असतात आणि दिवसातून दहा वेळा चढ-उतर होते, शिवाय तंबूत रांगत शिरायचं आणि रांगत निघायचं. तेव्हा दोन रात्री गच्चीवर सतरंजी टाकून झोपा. मध्यरात्री उठा, अंधारात बूट घाला, जिना उतरून परत या. गुडघे कुरकुरले तर चालतं, पण कुणाचा हात धरल्याशिवाय उठताच आलं नाही, तर याच वाटेवर तंबूऐवजी खोल्यांत उतरणाऱ्या सहली असतात. त्या घ्या. ते हरणं नाही, फक्त महाग आहे.

सामान मऊ पिशवीत. मी कडक सूटकेस नेली होती. ती ट्रकच्या खणात मावेना, म्हणून वीस दिवस माझ्या पायांपाशी राहिली. स्वाकोपमुंडला बहुतेक सहलींत दोन रात्री पक्क्या छपराखाली असतात, तेव्हा कपडे धुऊन मिळतात. म्हणजे आठवड्याचे कपडे पुरे. आणखी एक बारीक गोष्ट, जी कुणी सांगत नाही : दक्षिण आफ्रिका आणि नामिबियातली विजेची बटणपट्टी म्हणजे आपल्या गीझरला असतो त्या मोठ्या तीन गोल पायांच्या प्लगची. परदेशी मुलं विमानतळावर महागडे अडॅप्टर घेत होती. तुमच्या कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात पंधरा अँपिअरचा कन्व्हर्टर मिळेल.

कधी जायचं? लेक जून-जुलै म्हणाली असेल, कारण तेव्हा जनावरं चांगली दिसतात आणि डास कमी. पण तो तिकडचा हिवाळा. केपटाऊनला तेव्हा पाऊस असतो, म्हणजे पहिल्याच रात्री ओला तंबू. वाळवंटातली आणि कालाहारीतली पहाट निफाडच्या जानेवारीहून वाईट, आणि बोत्स्वानातल्या चोबे अभयारण्यात त्या थंडीत उघड्या जीपमधून फिरायचं. ऑक्टोबरमध्ये उलट, बोत्स्वाना आणि झिम्बाब्वे भाजून निघतात. माझ्या मते तुम्ही सप्टेंबर धरा. जनावरं उरलेल्या पाणवठ्यांवर गोळा झालेली असतात, थंडी ओसरलेली असते. ओकावांगोत पाणी असतं, आणि त्याची गंमत अशी की अंगोलाच्या डोंगरांत पडलेला पाऊस वाहत वाहत इथे पोचायला काही महिने घेतो, म्हणून पूर येतो तो ऐन कोरड्या दिवसांत, आणि ही नदी समुद्राला न मिळता वाळवंटातच जिरते. 'मोकोरो' नावाच्या अरुंद होडीत तुम्हाला आडवं-बसतं करून, मागे उभा राहून लांब काठीनं ढकलत नेतात. पाण्याची पातळी तुमच्या कोपरापाशी असते आणि आवाज फक्त लव्हाळ्यांचा. धबधबा सप्टेंबरात एप्रिल-मेइतका भरलेला नसतो, पण भर पाण्याच्या दिवसांत तुषारच इतके की धबधबा धड दिसत नाही. सप्टेंबरात झिम्बाब्वेच्या बाजूनं तो दिसतो : १०८ मीटर खोल आणि पावणेदोन किलोमीटर रुंद. फक्त त्या वर्षी गौरी-गणपती कधी येतात ते कॅलेंडरात आधी पाहा. नाहीतर तुमचं मन ट्रकमध्ये आणि जीव मखरात.

कागदपत्रांचं थोडक्यात, पण यात आळस नको. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा आपल्याला आधीच काढावा लागतो. बाकी तीन देशांचे नियम बदलत राहतात, म्हणून पैसे भरण्याआधी वकिलातींकडून ताजे पाहा. सहलीच्या माहितीपुस्तकावर विसंबू नका, ते युरोपातल्या पासपोर्टवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. एका सीमेवर सगळे दहा मिनिटांत पार झाले आणि माझ्या एकटीच्या पासपोर्टची तपासणी पाऊण तास चालली. बावीस माणसं ट्रकमध्ये बसून होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत आले तर कुणीतरी माझ्यासाठी चहा झाकून ठेवला होता. प्रत्येक कागदाच्या दोन प्रती जवळ ठेवा आणि शरमू नका.

विमान शक्यतो दुबई किंवा दोहामार्गे घ्या. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे तिकीट स्वस्त मिळतं, पण ते देश पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे मुक्काम लांबला तर दक्षिण आफ्रिका लसीचा दाखला मागते, आणि परतताना आपल्या विमानतळावरही दाखला नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. साठीच्या आसपास डॉक्टर ही लस विचार करूनच देतात. हिवतापाच्या गोळ्यांसाठी मात्र डॉक्टरकडे जावंच लागेल, कारण ओकावांगो, चोबे आणि धबधब्याच्या भागात तो आहे. तुमच्या रक्तदाबाच्या किंवा इतर गोळ्या चालू असतील तर त्यांची चिठ्ठी सोबत न्या.

पैशांबद्दल लेकीला एवढंच विचारा : जाहिरातीतल्या आकड्यात काय नाही? बऱ्याच सहलींत निघताना वाटाड्याच्या हातात रोख द्यायची वेगळी रक्कम असते. शिवाय व्हिसे, विमा, बक्षिसी आणि वाटेतल्या ऐच्छिक गोष्टी. नामिबियात दक्षिण आफ्रिकेचा रँड चालतो, उलट चालत नाही, म्हणून सुटे नामिबियन डॉलर संपवून निघा. बोत्स्वानातल्या चलनाचं नाव 'पुला', म्हणजे पाऊस. कोरड्या देशानं पैशाला पाऊस म्हणावं, हे मला फार आवडलं.

राहता राहिले यजमान. ते नको म्हणत नाहीत, जा म्हणत नाहीत. तीस-पस्तीस वर्षांच्या संसारात या वाक्याचा अर्थ तुम्हाला माझ्याहून चांगला कळतो. मला तरी वाटतं, त्यांना तुमच्या तंबूची काळजी कमी आणि वीस दिवसांच्या रिकाम्या घराची जास्त आहे. परवानगी मागू नका, पटवायलाही जाऊ नका. तारीख सांगा. वीस दिवसांचे डबे भरून फ्रीजमध्ये ठेवू नका, तेही पातेलंच आहे. कुकर त्यांना लावता येतो की नाही हे निघायच्या आदल्या रात्री नव्हे, दोन महिने आधी बघा.

आणि ती गच्चीवरची रात्र एकटीनं काढू नका. कुणाकडून तरी दोन माणसांचा तंबू मागून आणा आणि ह्यांना हाक मारा. दुसरा खांब धरायला माणूस लागतोच.